पाठीतल्या भुलीत जोड औषध कोणतं? आधी वॉर्डातली रात्र बघा

"मॅडम, आज फेंटानिल घालू की डेक्स?" हात धुऊन, गाउन चढवून उभा असलेला ज्युनियर विचारतो. फेंटानिल आणि डेक्स (डेक्समेडेटोमिडिन) ही पाठीतल्या भुलीच्या मुख्य औषधात मिसळायची जोड औषधं. मी त्याला उलट विचारते, "आज रात्री वॉर्डात ड्युटीला कोण आहे?" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, मॅडमना प्रश्न नीट ऐकू आला नाही. पण म्हापसा, फोंडा, मडगाव अशी गोवाभर फिरून पाठीत भूल देत आल्यावर माझं मत पक्कं झालंय. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सगळीच औषधं चांगली वाटतात. त्यांची परीक्षा रात्री दोन वाजता वॉर्डात होते. तिथे तीस खाटांना एकच सिस्टर असते आणि भूलतज्ज्ञ घरी झोपलेला असतो.

हा लेख भूलशास्त्र शिकणाऱ्या आणि नुकती प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांसाठी आहे, आणि तितकाच वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरांसाठीही. घरात कुणाचं हर्नियाचं, गर्भाशयाचं किंवा सिझेरियनचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्यांनीही वाचावा. डोसचे आकडे मात्र प्रशिक्षित हातांसाठी आहेत.

जोड औषध लागतंच कशाला?

पाठीतून भूल देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग ऑगस्ट बीअर यांनी जर्मनीत कील इथे १८९८ साली केला. औषध होतं कोकेन. आज आपल्या ट्रेमध्ये असतं ते हेवी ब्युपिव्हॅकेन. एका एमएलमध्ये ५ मिलिग्रॅम औषध आणि ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज. या साखरेमुळे ते पाठीतल्या पाण्यापेक्षा जड होतं आणि टेबल जिकडे उतरतं तिकडे वाहतं. खालच्या पोटाच्या ऑपरेशनला अडीच ते तीन एमएल दिलं की दोनेक तास काम होतं.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. नाभीपर्यंत कातडी पूर्ण बधिर असते, चिमटा कळत नाही, तरी सर्जनने गर्भाशय किंवा आतडं ओढलं की बाई म्हणते, "पोटात कुणीतरी ओढतंय, मळमळतंय." आतल्या अवयवांच्या संवेदना नेणारे तंतू कातडीच्या तंतूंपेक्षा बरेच वर जाऊन मज्जारज्जूत शिरतात. व्हेगस नस तर मज्जारज्जूतून जातच नाही, त्यामुळे पाठीतली भूल तिला गाठू शकत नाही. हेवी वाढवून लेव्हल, म्हणजे बधिरपणाची वरची हद्द, वर चढवावी तर बीपी पडतं. दुसरी अडचण नंतरची. ब्युपिव्हॅकेन उतरतं तेव्हा हळूहळू उतरत नाही, दुखणं अंगावर धावून येतं.

जोड औषध या दोन फटी बुजवतं. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची, औषधं मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या ओपिऑइड ग्राहींवर (ही औषधं चिकटतात त्या जागांवर) बसतात आणि दुखण्याचा निरोप तिथेच अडवतात. क्लोनिडिन, डेक्समेडेटोमिडिन ही अल्फा-२ जातीची औषधं दुसऱ्या दाराने तेच काम करतात.

पायरी १: ऑपरेशन आणि रात्र एकाच कागदावर मांडा

केसपेपरच्या मागच्या बाजूला मी चार गोष्टी लिहिते: लेव्हल कुठवर हवी, ऑपरेशन किती वेळ चालेल, लघवीची नळी राहणार का, आणि रात्री कोण लक्ष ठेवणार. तिसरा मुद्दा बहुतेकांच्या मनात येत नाही, पण निम्मा निर्णय त्यावरच होतो.

हर्नियाचा रुग्ण घ्या. आपल्याकडे काजूचा हंगाम आटोपला की भाटात (बागायतीत) राबणारे कितीतरी बाबे जांघेतली गाठ घेऊन येतात. लेव्हल नाभीच्या थोडी वर, म्हणजे टी-८ (छातीच्या आठव्या मणक्याच्या नसेचा पट्टा) पर्यंत पुरते. ऑपरेशन तासाभराचं आणि नळी घालायची नसते. त्याला संध्याकाळी उठून स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जायचं असतं. इथे पाय तासन् तास जड ठेवणारं किंवा लघवी अडवणारं औषध दिलं, तर आपणच त्याला नळी घालायची वेळ आणतो. प्रोस्टेट वाढलेला साठीचा माणूस असेल तर हा धोका दुप्पट.

पोटातून गर्भाशय काढायचं असेल तर हिशेब उलटा होतो. लेव्हल टी-६ ते टी-४ हवी, दोन तास लागू शकतात, आणि जखमेचं खरं दुखणं पहिल्या चोवीस तासांत असतं. पण नळी सकाळपर्यंत राहणारच आहे. म्हणजे लघवी अडण्याची भीती हिशेबातून गेली आणि लांब पल्ल्याच्या औषधाला वाट मोकळी झाली. सिझेरियनलाही हेच लागू पडतं. फरक इतकाच की आईला जागं राहून बाळ छातीशी धरायचंय, म्हणून गुंगी आणणारं काही नको. उघडून करायच्या अपेंडिक्सला लेव्हल कातडीच्या छेदावरून ठरवू नका. छेद खाली असतो, पण आतडं ओढल्याचं दुखणं वर जातं. तापाने फणफणलेल्या, बीपी ढासळलेल्या रुग्णाला पाठीतून भूल द्यायचीच नाही.

पायरी २: रुग्णाला विचारायचे प्रश्न

रक्त पातळ करणारी गोळी, पाठीवर गळू, भुलीच्या औषधाची ॲलर्जी हे तर विचारतोच. जोड औषधासाठी आणखी काही विचारा. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का? झोपेची गोळी घेता का? रोज संध्याकाळी किती पिता? हा प्रश्न बायको-मुलांना बाहेर पाठवून, शांतपणे विचारावा. लाजेने कुणी खरं सांगत नाही आणि त्याचे परिणाम रात्री दिसतात. बीपीसाठी नाडी मंद करणारी गोळी चालू आहे का? लघवीची धार कशी आहे? प्रवासात गाडी लागते का? ज्याला वाळपईहून पणजीला येताना बसमध्ये उलटी होते, त्याला ओपिऑइडने उलटी होण्याची शक्यता जास्त.

पायरी ३: औषध निवडा

फेंटानिल हे माझं रोजचं औषध. १० ते २५ मायक्रोग्रॅम पुरतं. स्निग्ध पदार्थात सहज विरघळणारं असल्याने ते पाठीतल्या पाण्यात फार वेळ रेंगाळत नाही, लगेच मज्जारज्जूत शिरतं. पाच-दहा मिनिटांत गुण दिसतो आणि तीन-चार तासांत काम संपतं. लोक म्हणतात, फेंटानिल फार टिकत नाही. ते खरंच आहे. पण ते टिकण्यासाठी घालायचंच नसतं. पोटात ओढल्याची, मळमळल्याची तक्रार ते थांबवतं, आणि त्याच्या जोरावर हेवी थोडं कमी वापरता येतं. पाय वेळेवर हलतात. श्वास मंदावायचा असेल तर तो ओटीत किंवा रिकव्हरीत, आपल्या डोळ्यांसमोरच मंदावतो. थोडी खाज सुटते, तेवढं चालतं. हर्निया आणि उघडं अपेंडिक्स यांना माझं उत्तर जवळजवळ नेहमी फेंटानिलच असतं.

मॉर्फिनबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण याच्याइतकं उपकारक आणि याच्याइतकं जपून वापरायचं दुसरं औषध नाही. १९७९ साली कर्करोगाच्या रुग्णांना पाठीतून मॉर्फिन देऊन आराम पडल्याचा पहिला अहवाल आला आणि तिथून हे पर्व सुरू झालं. मॉर्फिन पाण्यात विरघळणारं आहे. ते पाठीतल्या पाण्यातच राहतं आणि त्या पाण्याबरोबर हळूहळू मेंदूकडे सरकतं. गुण यायला पाऊण-एक तास लागतो, पण एकदा आला की अठरा ते चोवीस तास टिकतो. मोठ्या पोटाच्या ऑपरेशननंतर सकाळी बाई हसून चहा मागते, ते दृश्य मॉर्फिनमुळे दिसतं. आणि याच हळू सरकण्यामुळे श्वास मंदावण्याचा धोका सहा ते अठरा तासांनी येतो, म्हणजे नेमका मध्यरात्री.

डोस १०० मायक्रोग्रॅम, फार तर १५०. त्यापुढे आराम फारसा वाढत नाही. खाज, उलट्या आणि श्वासाचा धोका मात्र वाढतो. या डोसला श्वास धोकादायक मंदावणं विरळा आहे, पण विरळा म्हणजे शून्य नव्हे. पाठीत मॉर्फिन दिलेल्या रुग्णाचा श्वास आणि गुंगी पहिले १२ तास दर तासाला आणि पुढचे १२ तास दर दोन तासांनी पाहा, असं अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुमच्या वॉर्डात हे होणार असेल तर मॉर्फिन द्या. होणार नसेल तर दुसरं काही द्या, त्यात कमीपणा नाही.

खाजेचं एक जवळून पाहिलेलं सांगते. सत्तरीतल्या एका बाईला गर्भाशयाच्या ऑपरेशनला मॉर्फिन दिलं होतं. रात्री राउंडला गेले तर ती शांत पडलेली, दुखणं काही नाही, पण पदराच्या टोकाने नाक चोळचोळून नाकाचा शेंडा लाल केलेला. "दोतोर, नाक खूब खाजता." शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी ॲलर्जी समजून तिच्या नाकाला खोबरेल लावलं होतं. ही ॲलर्जी नसते. नाक, डोळ्यांभोवतीचा भाग आणि छाती, ओपिऑइडची खाज इथेच येते. ॲव्हिलने (ॲलर्जीच्या औषधाने) फक्त गुंगी येते, खाज फारशी जात नाही. शिरेतून २ ते ४ मिलिग्रॅम नाल्ब्युफिन दिलं की खाज शमते आणि दुखण्याचा आरामही राहतो. ऑपरेशनच्या आधीच "नाक खाजेल, घाबरू नकोस" एवढं सांगितलं असतं, तर ती बाई अर्धी रात्र तळमळली नसती. तेव्हापासून मी हे वाक्य कधी चुकवत नाही.

डेक्समेडेटोमिडिन, आपलं डेक्स, सध्या सगळ्यांचं लाडकं आहे. डोस ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. खाज नाही, उलट्या कमी, श्वास मंदावत नाही, आणि पावसाळ्यात गारठलेल्या ओटीत सुटणारी हुडहुडीही कमी होते. आराम पाच-सहा तासांपर्यंत लांबतो. पण पाय जड राहण्याची वेळही तितकीच लांबते. २००६ साली बैरूतच्या डॉक्टरांनी प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या ६० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात १२ मिलिग्रॅम ब्युपिव्हॅकेननंतर पाय पूर्ण हलायला सरासरी १६३ मिनिटं लागली. त्यात फक्त ३ मायक्रोग्रॅम डेक्स घातल्यावर तीच वेळ २५० मिनिटांवर गेली. लांबलेल्या गर्भाशयाच्या ऑपरेशनला हे वरदान आहे. हर्नियाच्या रुग्णाला ती शिक्षा ठरते. नाडीही मंदावते, म्हणून आधीच साठच्या खाली नाडी असलेल्याला किंवा हृदयातला विद्युतप्रवाह अडखळणाऱ्याला मी ते देत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डेक्सच्या कुपीवर ते शिरेतून द्यायचं औषध म्हणून लिहिलेलं असतं. पाठीतून देणं हा लेबलबाहेरचा वापर आहे. अभ्यास भरपूर झालेत, तरी हे रुग्णाच्या संमतीत आणि आपल्या नोंदीत यायला हवं. सिझेरियनला मी डेक्स घालत नाही.

क्लोनिडिन हे डेक्सचं थोरलं भावंड. १५ ते ३० मायक्रोग्रॅम. अल्फा-२ वरची त्याची निवड डेक्सइतकी नेमकी नाही, बीपी जास्त पडतं आणि गुंगी येते. अमेरिकेत एपिड्युरलसाठी (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर द्यायला) मिळणाऱ्या क्लोनिडिनच्या लेबलवर प्रसूतीच्या, प्रसूतीनंतरच्या आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबत ठळक इशारा छापलेला आहे. डेक्स हाताशी असताना मी याच्याकडे वळत नाही.

ब्युप्रेनॉर्फिन मात्र आपल्याकडच्या लहान नर्सिंग होमचा खरा आधार आहे. मॉर्फिन आणि फेंटानिल ठेवायला अंमली पदार्थांच्या कायद्याखालची मान्यता, रजिस्टर, कुलूपबंद कपाट हे सगळं लागतं. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर वाट सोपी झाली, तरी दहा-बारा खाटांचं इस्पितळ त्या भानगडीत पडत नाही. तिथे ६० मायक्रोग्रॅम ब्युप्रेनॉर्फिनवर सहा-आठ तास निभतात. उलट्या आणि गरगरणं बऱ्यापैकी होतं, म्हणून ऑन्डान्सेट्रॉन आधीच द्यावं. एक धोका नीट लक्षात ठेवा. हे ग्राहीला इतकं घट्ट चिकटतं की नॅलोक्सोन (ओपिऑइडचा उतारा) दिलं तरी सहज सुटत नाही. श्वास मंदावलाच तर मोठे डोस आणि मास्कने श्वास देण्याची तयारी लागते.

नाल्ब्युफिन ०.८ मिलिग्रॅम हाही मधला मार्ग आहे. सिझेरियनच्या रुग्णांवर ०.२, ०.८ आणि १.६ मिलिग्रॅम ताडून पाहणारा अभ्यास २००० साली झाला, त्यात ०.८ सरस ठरलं. खाज कमी, श्वासाचा धोका एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, पण आराम मॉर्फिनच्या निम्मासुद्धा टिकत नाही.

मिडाझोलाम, केटामाइन, मॅग्नेशियम यांवरचे शोधनिबंध खूप सापडतील. प्रिझर्व्हेटिव्हचा प्रश्न, मज्जारज्जूला इजा होण्याची शंका आणि मॅग्नेशियमच्या बाबतीत मोजमापातल्या चुका, एवढं पाहून मी तिघांनाही पाठीपासून दूर ठेवते. शिरेतून द्यायला ती उत्तम आहेत.

पायरी ४: सिरिंज भरणं, इथे घाई नको

निवड चुकली तर रुग्णाला त्रास होतो. भरताना चुकलं तर जीव जातो. म्हणून माझ्या मते हीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी.

माझ्यासमोर घडलेली गोष्ट. डेक्सची कुपी एका एमएलला १०० मायक्रोग्रॅमची. ५ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ एमएल. ट्युबरक्युलिन सिरिंज संपली होती, म्हणून एका तरुण सहकाऱ्याने इन्सुलिनची सिरिंज घेतली आणि पाचच्या रेघेपर्यंत भरली. केशरी टोपीच्या, शंभर युनिटच्या सिरिंजमध्ये पाच रेघा म्हणजे बरोबर ०.०५ एमएल. पण ट्रेमध्ये होती ती लाल टोपीची, चाळीस युनिटची. तिथे पाच युनिट म्हणजे ०.१२५ एमएल. रुग्णाला अडीचपट डोस गेला. नाडी ३८ वर आली, ॲट्रोपिन दोनदा द्यावं लागलं, आणि दुपारी झालेल्या ऑपरेशननंतर पाय हलायला रात्र झाली. तोवर खाटेशेजारी बसलेला त्याचा मुलगा दर अर्ध्या तासाने चादर उचलून वडिलांच्या अंगठ्याला हात लावत होता. सुदैवाने सगळं ठीक झालं. पण त्या मुलाचा चेहरा मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे, थेट थेंबभर औषध ओढायचंच नाही. सुईच्या हबमध्येच जवळजवळ तेवढं औषध अडकून बसतं. सगळं सलाइनमध्ये पातळ करून घ्यायचं आणि शक्य तिथे अर्धा एमएलचा डोस करायचा. डेक्स ५० मायक्रोग्रॅम पाच एमएलपर्यंत पातळ केलं की अर्ध्या एमएलमध्ये ५ मायक्रोग्रॅम येतं. ब्युप्रेनॉर्फिनची ३०० मायक्रोग्रॅमची एक एमएलची कुपी अडीच एमएलपर्यंत केली की अर्ध्या एमएलमध्ये ६०. क्लोनिडिनची १५० ची कुपी पाच एमएलपर्यंत, अर्ध्यात १५. नाल्ब्युफिन १० मिलिग्रॅम पाच एमएलपर्यंत, त्यातलं ०.४ एमएल घ्या. फेंटानिल एका एमएलला ५० चं असतं, ते तसंच अर्धा एमएल.

मॉर्फिन दोनदा पातळ करावं लागतं. १० मिलिग्रॅमची कुपी दहा एमएलपर्यंत, म्हणजे एमएलला १ मिलिग्रॅम. त्यातला एक एमएल नव्या सिरिंजमध्ये घेऊन पाच एमएलपर्यंत, म्हणजे अर्ध्या एमएलमध्ये १०० मायक्रोग्रॅम. पहिली सिरिंज ताबडतोब टाकून द्या. ती टेबलावर राहिली तर पाचपट चुकीची वाट उघडी राहते. आपल्याकडे १५ मिलिग्रॅमच्याही कुप्या येतात, तेव्हा आकडा प्रत्येक वेळी मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या माणसाला वाचायला लावा. पाठीत जाणारं प्रत्येक औषध प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं हवं. तेही लेबलवर वाचूनच ठरवा, आठवणीवर नको.

आणि ट्रॅनेक्झामिक ॲसिड. गर्भाशयाच्या, सिझेरियनच्या टेबलावर रक्तस्राव थांबवायला ते ठेवलेलं असतंच. त्याची कुपी काही ठिकाणी हेवीच्या कुपीसारखीच दिसते. पाठीत गेलं तर झटके येतात, हृदय बिघडतं. २०१९ साली एकत्र केलेल्या अशा २१ घटनांमध्ये १० रुग्ण दगावले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये यावर इशारा दिला. पाठीच्या ट्रेमध्ये आणि पाठीच्या ट्रॉलीवर ही कुपी नको. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या रंगाच्या डब्यात ठेवा. सिस्टरने कुपी फोडण्याआधी नाव वाचून दाखवावं, आणि तुम्ही ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी.

पायरी ५: देताना आणि दिल्यानंतर

कमरेच्या मणक्यांमधली एल ३-४ किंवा एल ४-५ ची जागा, २५ किंवा २७ नंबरची सुई, आणि शक्य असेल तर पेन्सिलच्या टोकासारखी, म्हणजे नंतरची डोकेदुखी कमी. पाठीतलं स्वच्छ पाणी दिसल्यावर सावकाश द्या. रुग्णाला उताणा झोपवून स्पिरिटच्या बोळ्याने गारवा कुठपर्यंत कळत नाही ते पाहा. नाभी टी-१०, छातीच्या हाडाचं खालचं टोक टी-६, स्तनाग्र टी-४. आकडा आणि घड्याळाची वेळ लिहून ठेवा.

पहिली वीस मिनिटं बीपी दर दोन मिनिटांनी घ्या. बीपी पडलं आणि नाडी जलद असेल तर फेनिलेफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम. नाडीही मंद असेल तर इफेड्रिन किंवा मेफेन्टरमिन ६ मिलिग्रॅम. नाडी पन्नासखाली घसरत चालली तर ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम. अल्फा-२ औषध दिलं असेल तर नाडीची ही घसरण अर्ध्या-पाऊण तासानेही येते, तेव्हा गाफील राहू नका.

रुग्ण जागा असतो आणि सगळं ऐकत असतो, हे ओटीतल्या गप्पांमध्ये आपण विसरतो. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा १९४५ चा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं की संमोहनाची झोप कुठल्या गूढ द्रवाने येत नाही, ऐकणाऱ्याच्या मनात शब्दांनी पेरलेल्या सूचनेने येते. "आता पोटात थोडं ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही, मी इथेच आहे," एवढं बोललं तर मिडाझोलामची गरज कितीदा तरी टळते. तरीही दुखतंय म्हणाली तर तिचं खरं माना. सर्जनला थांबायला सांगा, लेव्हल पुन्हा पाहा, आणि गरज पडली तर पूर्ण भूल द्यायला कचरू नका.

पायरी ६: वॉर्डाच्या हातात देताना

केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहा: पाठीत कोणतं औषध, किती, किती वाजता, आणि लक्ष किती वाजेपर्यंत ठेवायचं. मी लाल पेन वापरते. तोंडी निरोप ड्युटी बदलली की हरवतो.

मॉर्फिन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या रुग्णाला रात्री झोपेची गोळी, ट्रॅमाडॉल किंवा दुसरं ओपिऑइड द्यायचं नाही, हे स्पष्ट लिहा. पॅरासिटामॉल वेळापत्रकानुसार द्या, आणि किडनी चांगली असेल तर डायक्लोफिनॅकही. जोड औषध एकट्याने सगळी रात्र ओढत नाही. सर्जनने जखमेत बधिर करणारं औषध मारलं किंवा पोटाच्या भिंतीचा टॅप ब्लॉक दिला तर आणखी सोपं जातं.

सिस्टरांना एक गोष्ट नक्की सांगते. श्वास मोजण्याआधी हाक मारा. श्वास मंदावण्यापूर्वी गुंगी वाढते. हाकेला डोळे उघडून नीट उत्तर दिलं तर ठीक. हलवावं लागलं, बोलता बोलता डोळे मिटले, तर श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दहाच्या खाली असेल तर फोन करायचा, कितीही वाजलेले असोत. नाकात ऑक्सिजन चालू असेल तर बोटाच्या यंत्रावरचा आकडा उशिरापर्यंत ९८ दाखवत राहतो, त्याच्यावर विसंबू नका. नॅलोक्सोन ४०० मायक्रोग्रॅमची कुपी वॉर्डातच हवी, ओटीच्या कुलपात नको. दहा एमएलपर्यंत पातळ करून एक-दोन एमएल देत जा आणि श्वास सुधारला की थांबा. तिचा गुण अर्ध्या-एक तासात ओसरतो, मॉर्फिन मागे उरतं. म्हणून रुग्णाजवळून हलायचं नाही.

नळी नसेल तर सहा तासांत लघवी झाली का ते विचारा. पाय पूर्ण हलत नाहीत तोवर उठवू नका, आणि पहिल्यांदा उठवताना सोबत माणूस हवा. उलटी नसेल तर सर्जनला विचारून पेज चालू करता येते. नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो.

रुग्णांच्या घरच्यांनीही ऑपरेशनआधी निःसंकोच विचारावं: पाठीत दुसरं कोणतं औषध घालणार, त्याने काय होऊ शकतं, रात्री कोण बघणार? हे विचारल्याने चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

पायरी ७: तुलना वाचताना, आणि स्वतः करताना

शोधनिबंधांत "आराम इतके तास टिकला" असं लिहिलेलं असतं. हे तास कधीपासून मोजले ते पाहा. कुणी पाठीत औषध दिल्यापासून मोजतं, कुणी लेव्हल दोन मणके खाली येईपर्यंत, कुणी पहिलं वेदनाशामक मागेपर्यंत. हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून औषधांचा क्रम लावता येत नाही. दोन्ही गटांना हेवी सारखंच होतं का तेही पाहा. पाय जास्त वेळ जड राहिले हा फायदा म्हणून लिहिला असेल तर ते रुग्ण कोणत्या ऑपरेशनचे होते ते शोधा. आणि रात्री किती वेळा फोन आला हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं.

म्हणून एक साधी वही ठेवा. तारीख, ऑपरेशन, हेवी किती, जोड औषध किती, सर्वांत वरची लेव्हल, पाय हलल्याची वेळ, पहिली वेदनाशामक मागितल्याची वेळ, खाज, उलटी, लघवी. शेवटचा रकाना मी दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेजवळ बसून भरते. रुग्णाला विचारते, "रात्र कशी गेली?" आणि तो जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहिते. त्या सत्तरीच्या बाईच्या ओळीत अजूनही लिहिलेलं आहे: "पोट बरें, नाकान जागयलें."